शुक्रवारचा बिंगो

श्री. ट्रेव्हर ऑलरॉइड यांस,

सात वर्षांपूर्वी घरासाठी कर्ज मागायला मी तुमच्या बार्न्सलीच्या ऑफिसात आले होते. माझ्या बँकेच्या कागदांवर बोट ठेवून तुम्ही हसलात, "दर शुक्रवारी बिंगोच्या जुगारावर पैसे? मग घर विसरा, बाई!"

शुक्रवार मी सोडला नाही. बिंगोच्या दोन डावांमध्ये पुस्तक उघडून गृहकर्ज सल्लागाराच्या तिन्ही परीक्षा पास झाले. शेजारची ग्लेनिस ओरडायची, "मॉरीन, तुझा आकडा गेला ना गं!" जाऊ दे म्हटलं. बिंगोला बंदी घालणारा नियम त्या पुस्तकात कुठेच नव्हता.

तुम्ही निवृत्त झालात आणि आज तुमच्या रिकाम्या खुर्चीत मी बसले. पहिलीच बाई आली ती कागदांवरची एक ओळ तळहाताने झाकून. मी विचारलं, "कुठल्या बिंगो हॉलला जाता?"

हे पत्र टपालात टाकणार नाही. आधी तिचा अर्ज जायचाय.

मॉरीन टास्कर,
गृहकर्ज सल्लागार
(शुक्रवारी संध्याकाळी भेटणार नाही)