सांजवातीआधीचा अंधार

अकोट, ५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंजुषा हीस आईचे अ. उ. आ. वि. वि.

तुमची एसटी वळली नाही तं पहिली इंदूबाई दारात. पाहुणे गेले की चिवडा उरते, हे शेजारणीले बरोबर ठाऊक. नात लय भित्री आहे बा तुमची, म्हणे. सांज झाली की एका जागी चिकटते. मी म्हटलं, दिवसा वासराचं शेपूट धरून पळते ते कोण मंग?

पण मनात किडा वळवळला. आपल्या घरी सांजवात लागल्याबिगर लाईट लावत नाही. परवा त्याच वेळी तिच्यापुढं पेढ्याचं ताट ठेवलं तं पोरगी भुई चाचपत होती. तवा आपण साऱ्या हसलो. आता हसू येत नाही. माझ्या मावशीच्या पोराले असंच होतं, रातांधळं. तुमच्या फ्लॅटमंदी दिवस असतानाच सारे लाईट, तिथं कोणाले कळणार? प्राजक्ता डोळेही चोळते, अन् खाणं म्हणजे चहा-टोस्ट न् पुड्यातलं. दृष्ट मी इथूनच काढते. तू डॉक्टरले दाखव. उशीर केला तं नजर जाते. फोनवर तू नुसतं हो हो म्हणते, म्हणून लिहून राहिली.

तुझी आई, माणिकबाई

अमरावती, १४ ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. हे म्हणाले, तुझ्या आईला रोज नवं सुचते. मग मी संध्याकाळी सगळे लाईट बंद केले. हे टीपॉयला धडकले; पण डोळे सरावल्यावर आम्हाला दिसू लागलं. प्राजक्ता मात्र दार शोधत फ्रिजपाशी गेली. मग हेच म्हणाले, उद्याच दाखवू.

डॉक्टरांनी डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसासारखा डाग दाखवला. अ जीवनसत्त्व कमी पडलंय, वेळेवर आणलं म्हणाले. डोस दिला, पुढचा तेच देतील, मनानं द्यायचा नाही. पपई खाते, पालेभाजी पाहून तोंड फिरवते. काय करू, सांग.

तुझी मंजुषा

अकोट, २५ ऑगस्ट

चि. सौ. मंजुषा हीस अ. उ. आ.

पोराले भाजी कधी भाजी म्हणून देतात काय? शेवग्याचा पाला बारीक चिरून भाकरीच्या पिठात मळ, वरून तूप. तुले असंच फसवून वाढवलं. जावईबापूंच्या टीपॉयले माझा नमस्कार.

काल फोनवर प्राजक्तानं सांगतलं, बाल्कनीतून अंधारात मांजर दिसली. मी रंग विचारला. तिनं तोही सांगतला. इंदूबाईले बोलावून चिवडा दिला.

म्हातारीवर जीव असू द्या, न् तिच्या सुचण्यावरही.

माणिकबाई

ता. क. पोळ्याले, सोमवारी येतो म्हणालात. सांजच्या गाडीनंच या. अवस आहे, तरी मी लाईट लावणार नाही. फाटकापासून तुळशीपर्यंत प्राजक्ता पुढं चालेल, न् सांजवात तीच लावेल.