नवरदेव हसते का?

२२ मार्च १९९८, रविवार
आरमोरीजवळच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो. नाव साधना. चहा घेऊन आली, मी एकदाच पाहिलं. बाकी वेळ भारदस्त बसलो. नवरदेवानं पाहुण्याघरी फिदीफिदी करू नये, असं माझं मत आहे. निघताना तिचा भाऊ धनराज मला गोठ्यामागे घेऊन गेला. बराच वेळ मान खाजवली, पायानं माती उकरली. मग म्हणाला, भाऊ, राग नका येऊ देऊ, बहीन पुसून राह्यली... आणि पुन्हा माती उकरली. एकदम लाल होऊन म्हणाला, तुम्ही हसता का म्हणून. मी म्हणालो, हो, भरपूर! तो सुटलो एकदाचा असं तोंड करून पळाला.

२६ मार्च
तिकडून होकार. माझ्या उत्तराचाच परिणाम. लग्न १० मे. पण मुलीच्या मनात शंका आलीच कशी? मन लागत नाही. राइस मिलमध्ये आज दोन पोत्यांचं वजन चुकलं.

२९ मार्च
उपाय सापडला. लग्नाची व्हिडिओ शूटिंग! फोटोत माणूस एकदा हसतो, कॅसेटमध्ये दिवसभर. साधनासाठी जन्मभराचा पुरावा. आई म्हणाली, त्यापरीस मांडवात पंखे लावा, मानसं उकडून मरतीन. आईला दूरदृष्टी नाही.

५ एप्रिल
नागभीडला शालिकरामभाऊंकडे बुकिंग केलं. आधी ते पासपोर्ट फोटो काढायचे. म्हणाले, आपल्याकडचे लोक क्यामेरा दिसला का खांबासारखे उभे राह्यतेत, हालतच नाईत. फोटो समजतेत. मी म्हणालो, आमच्या लोकांची गॅरंटी माझी.

१२ एप्रिल
आरशासमोर प्रॅक्टिस. अंतरपाट खाली आला की मंद हास्य, हार घालताना जरा मोठं, जेवताना मोकळं. आईनं पाहिलं. म्हणाली, काऊन रे, दात दुखून राह्यले का? लवंग दिली.

१९ एप्रिल
नातेवाइकांची ट्रेनिंग. बुटाचा रिकामा खोका डोळ्याला लावून मी अंगणभर फिरलो. मनकर्णा आत्यासमोर गेलो तर आत्यानं पदर सावरला, श्वास रोखला, डोळे वटारले. म्हटलं आत्या, हा फोटो नाही, हालत राहा. आत्या मान हालवायला लागली. खोका खाली ठेवला तरी हालवतच होती. प्रगती आहे.

२६ एप्रिल
दात क्लोजअपला बरे दिसत नाहीत. आजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. कायमचा. मीठ-तेलानं दात घासले.

२७ एप्रिल
अर्धी पुडी. हसून हसून जबडा आखडला होता. औषध म्हणून.

१ मे
पूर्ण पुडी. लग्नाच्या तोंडावर शरीराला असा धक्का देणं बरोबर नाही. लग्नानंतर बंद.

९ मे, संध्याकाळ
अंगाला हळद. सगळी तयारी पक्की. मिश्या बारीक केल्या, हसू झाकलं जायला नको. एक बाजू जास्तच बारीक झाली. क्यामेरा दुसऱ्या बाजूनं ठेवायला सांगू.

११ मे
काल लग्न झालं. ऊन असं की बँडवाला वाजवायचं सोडून माठापाशी बसला. शालिकरामभाऊंनी हॅलोजन तोंडासमोर धरला, त्यात साधना दिसलीच नाही, नुसता उजेड. ते सारखे ओरडत होते, हसा, हसा. बाकीचे हसत नसतील. मी तर पूर्ण वेळ हसत होतो. गाल अजून दुखतात.

७ जून, रविवार
कॅसेट आली. भाड्याचा व्हीसीआर, भाड्याचा कलर टीव्ही, अंगणात सारी गल्ली. सगळे छान हालले. आत्या तर प्रत्येक ठिकाणी मान हालवते आहे, जणू हे लग्न तिला मंजूर नाही. मी मात्र खांब. अंतरपाट खाली येतो, मी खांब. हार पडतो, खांब. शेजारचा लहानू म्हणाला, नवरदेवाले ताप होता का? पुढे शालिकरामभाऊंनी माझा फोटो गुलाबाच्या फुलात टाकून गरगर फिरवला. तोही पासपोर्टचाच वाटतो. हॅलोजनचा दोष.
पण शेवटी कमाल झाली. शालिकरामभाऊ क्यामेरा खुर्चीवर आडवा टाकून जेवायला बसले, बंद करायचं विसरले. त्यात मी! तोंडात बुंदी, डोळ्यांत पाणी, खो खो हसतोय. सगळी गल्ली माना वाकड्या करून पाहत होती. साधनानंही मान वाकडी केली आणि खळखळून हसली. मला इतका आनंद झाला की मी ते परत लावायला लावलं. मुद्दा सिद्ध झाला.

८ जून, उजाडायच्या आत
साधनाला म्हटलं, आता खात्री पटली ना? धनराजला पुसायला लावलं होतंस, नवरदेव हसतो का म्हणून. ती पाहतच राहिली. म्हणाली, असं कोन पुसन जी? मी तं दादाले म्हटली होती, त्यायच्या घरी संडास आहे का, तेवढं पुसून ये. लाजला असन तो. मले येऊन सांगे, नवरदेव म्हनते, हो, भरपूर. म्हनून तं मी हो म्हटली.
मी हसून म्हणालो, बांधून टाकू या दिवाळीपर्यंत.
ती हसली नाही. पाण्याचा डबा उचलला आणि आईच्या मागे गावाबाहेर बोडीच्या काठाकडे गेली.