विघ्नहर्त्यापुढे आगगाडी

टॅम्पिनीस, सिंगापूर
२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अरुणाताईस,
धाकट्या श्रीनिवासचा शि. सा. न. वि. वि.

तू व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहीत नाहीस, कागदावर लिहून तुझ्या प्रबोधकडून फोटो पाठवतेस, म्हणून मीही पत्राचाच थाट मांडला आहे. बातमीही तशीच मोठी आहे. आमच्या कॉन्डोच्या गणेशोत्सवाचा हलता देखावा यंदा माझ्याकडे आला! गेल्या वर्षी शेजारच्या शिरीषने कापसाचा हिमालय केला आणि स्वतःच स्वतःचं कौतुक केलं. मी म्हटलं, जरा अभ्यासाचं काही करू. विषय आहे 'एकोणिसाव्या शतकातील लाकूडवाहू रेल्वे आणि तिचे धोके'.

अगं, काय भयानक प्रकार होता तो! अमेरिकेच्या जंगलांत घाईघाईने कसेतरी रूळ टाकायचे, अगदी उभ्या उतारावरून ओंडक्यांच्या गाड्या सोडायच्या. ब्रेकवाला धावत्या ओंडक्यांवरून उड्या मारत जाऊन हाताने ब्रेक आवळायचा. पाऊस पडला, रूळ ओले झाले की चाकं घसरायची आणि गाडी सुटायची. डबे जोडताना कामगारांची बोटं जायची. मालक मात्र त्या गाडीत कधी बसत नसत. हे सगळं फलकावर लिहिणार आहे.

आपली गाडी उतारावरून गणपतीसमोर येऊन थांबेल. ओंडके खरे, सुंगेई कडूतच्या लाकडाच्या यार्डातून आणलेत. ड्रायव्हर म्हणून आमची मैत्रेयी बसेल.

भाऊजींना नमस्कार. कौतुक कळवावे, ही आशा.

तुझा,
श्रीनिवास

परतवाडा
६ ऑगस्ट २०२५

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोहोचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तुझ्या भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते चहा प्यायचे थांबले. गणपतीचा आणि अमेरिकेच्या जंगलाचा काय संबंध, हे त्या गजाननालाच ठाऊक. तो विघ्नहर्ता आहे, तेव्हा त्याला रिकामं बसवू नये असा तुमच्या कमिटीचा विचार दिसतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपल्याकडे म्हणतात. तू पुढच्यांच्या ठेचांचा फलक रंगवतोस आणि नेमका त्याच दगडावर पाय ठेवतोस. धोक्यांवर देखावा करायचा म्हणून धोका खरा आणायचा, हे कुठल्या कॉलेजात शिकवलं रे? उद्या साथीच्या रोगांवर देखावा केलास तर प्रसाद म्हणून काय वाटशील?

भाऊजींची लाकडाची वखार तू लहानपणापासून पाहिली आहेस. तिथे रचलेल्या ओंडक्यांच्या उताराकडच्या बाजूला कुत्रंसुद्धा बसत नाही. तू पोटच्या पोरीला बसवतोस. ओंडके थर्माकोलचे कर, नाहीतर मैत्रेयीला उतरव. आठ वर्षांची आहे ती. मला खरंच भीती वाटते.

मोठ्या बहिणीचं एकदा तरी ऐकावंस.

तुझी,
ताई

टॅम्पिनीस
११ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

परतवाड्यात बसून सिंगापूरचं सेफ्टी ऑडिट केल्याबद्दल कमिटी तुझी आभारी आहे. शिरीषला तुझं पत्र दाखवलं, तर त्याने ते ग्रुपवरच टाकलं. सगळे खूप हसले.

ताई, मी इंजिनिअर आहे. तांदळाची पोती ठेवून गाडी पुन्हा पुन्हा सोडून पाहिली, दर वेळी रांगोळीच्या अलीकडे थांबली. ब्रेक म्हणजे चाकावर दाबणारा रबराचा दांडा आहे. त्या काळी रुळांवर वाळू टाकत, चाकं घसरू नयेत म्हणून. आम्हाला वाळूची गरजच नाही, रूळ अगदी कोरडे ठणठणीत आहेत. इथे हॉलमध्ये पाऊस पडत नाही! ओंडके दोरीने बांधलेत. थर्माकोलला तर इथली पोरंही हसतील.

आणि मैत्रेयीने वर्गात इथल्या पोरांच्या थाटात सांगून टाकलंय, आय ॲम द ड्रायव्हर, लाह. आता तिला उतरवायचं कसं?

काळजी कमी, लोभ जास्त असू दे.

तुझा,
श्रीनिवास

परतवाडा
१६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

माझं पत्र ग्रुपवर फिरून आलं, तेव्हा आता तुलाच लिहिते. हे ग्रुपवर टाकू नकोस. तुझा नवरा लहानपणापासून असाच आहे. झाडावर चढायचा आणि खालून ओरडणाऱ्याला अडाणी म्हणायचा.

त्याच्याशी वाद घालू नकोस, हरशील. आयत्या वेळी, सगळ्यांसमोर, गोड आवाजात एवढंच म्हण, की गाडी इतकी भरवशाची आहे तर पहिल्या आरतीला तिच्यात बसायचा मान तुमचा. मालक गाडीत बसत नसत हे फलकावर त्यानेच लिहिलंय ना, मग बसू दे एकदा.

मैत्रेयी रुसेल. माझ्या नावावर घाल.

तुझी,
अरुणाताई

टॅम्पिनीस
३० ऑगस्ट २०२५

ती. सौ. अरुणाताई यांस,
अनघाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच सांगितलं, मैत्रेयी जवळ होती. चतुर्थीला तुम्ही शिकवलं तसंच बोलले. शिरीषभाऊजींनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे ह्यांना बसावंच लागलं. मैत्रेयी रडत माझ्या मांडीवर आली.

आरतीपर्यंत सगळं ठीक होतं. गाडी वर उभी. ठरलं असं होतं की मंत्रपुष्पांजली संपली की ती सोडायची. आता मंत्रपुष्पांजलीला लोक काय करतात, हे इंजिनिअरला कोण सांगणार? हॉलभर माणसं, मूर्ती लांब. प्रत्येकाने मागूनच फुलं आणि अक्षता उधळल्या, आणि मूर्तीपर्यंत पोहोचलं थोडंसंच. बाकी सगळं रुळांवर. झेंडू ताजा राहावा म्हणून मीच त्यावर सकाळपासून पाणी शिंपडत होते. पोत्यांच्या चाचणीत कुणी फूल वाहिलं नव्हतं.

ह्यांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी नाही थांबली. रांगोळी गेली, मोदकांचं टेबल गेलं, गाडी मूर्तीशेजारच्या भिंतीवर आदळली. दोरी तुटली आणि मागचे ओंडके पुढे आले. ह्यांचा उजवा खांदा मोडलाय, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या साइटवर काम करता. मी म्हटलं, गणपतीच्या.

काल शिरीषभाऊजी भेटायला आले. देखावा फार जिवंत झाला म्हणाले. मी त्यांना चहा विचारला नाही.

असंच पाठीशी राहावं.

तुमची,
अनघा

टॅम्पिनीस
२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न.

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

काल हॉलमध्ये जाऊन गाडी पाहिली. ओंडका जिथे माझ्या खांद्याला लागला, तिथे मी मैत्रेयीला बसवणार होतो. मी उंच आहे म्हणून खांदा. तिचं तिथे डोकं आलं असतं.

ड्रायव्हर होऊ दिलं नाही म्हणून ती अजून माझ्याशी बोलत नाही. दिवसभर पाय आपटत घरभर फिरते. मी पडल्या पडल्या ते ऐकत असतो. अनघा तिला गप्प करायला उठली की मी अनघाला खाली बसवतो. आपटू दे.

तुझा,
श्रीनिवास