हिरवं पाकीट

शुई-फा,

मघाशी तुझा फोन आपटला तरी डोकं थंड होईना, म्हणून हे खरडतेय.

तुझा आ-तेक चुकला, हे मलाही मान्य आहे. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवायची आपली पद्धतच आहे. पण माझ्या या नातवाने दुरुस्ती करताना ते विमानाच्या पोटात ठेवलं आणि झाकण लावताना काढायला विसरला. विमान तैपेईहून इथे पेंगहू बेटावर उतरल्यावर त्याला आठवलं. त्याने आपणहून साहेबाला सांगितलं. इथल्या लोकांनी झाकण उघडलं, तर पाकीट फुगून फुटलेलं आणि सगळा चुरा तारांमध्ये. विमान अडकलं, आ-तेकला घरी बसवलं.

आणि तू मला विचारतोस, "आई, गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? खाऊच तर होता."

अरे गाढवा, त्या विमानात कोण बसलं होतं? तूच मला विमानतळावर सोडलंस, मावशीसाठी अननसाच्या वड्या दिल्यास. पुढच्या फेरीला दुसऱ्या कुणाची आई बसली असती. वर सांगतोस, "परत येताना बोटीने ये, विमानाचा भरवसा नाही."

हे पत्र टाकणार नाही. तुझी बायको ते गल्लीभर वाचून दाखवेल. पण आ-तेकला कामावर घेईपर्यंत मी इथेच माश्या मारत बसेन आणि मग त्याने झाकण लावलेल्या विमानानेच येईन. मला घ्यायला ये. गप्प बसण्याचं तुला एवढं कौतुक आहे ना, मग घरी पोचेपर्यंत गप्प बस.

सुखरूप उतरलेली,
तुझी आई