गाडीत राहिलेलं यंत्र

स्कार्दाल,
मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४

प्रिय ओडवार,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे मी ठणठणीत आहे. काल उणे सव्वीस होतं. शेजारच्या गुनवोरनं नवी विजेवरची गाडी घेतलीय आणि रोज सकाळी तिला शिव्या घालते. म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

जुन्या संगणकांचं प्रदर्शन १७ तारखेला, शनिवारी. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये टेबलं मांडून झाली. माझ्या तळघरातले अकराच्या अकरा वार्दे संगणक तिथे नेलेत, त्यांतले नऊ अजून चालतात. उद्‌घाटनाचं भाषण मीच करायचं आहे. दुसरं कोण करणार? गावात मला वार्दे-तुरिडच म्हणतात. वार्देचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली, शाळेनं दोनदा नवे संगणक घेतले, तरी मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गात एक वार्दे ठेवलाच. गुनवोर म्हणते, "तुरिड, नवऱ्यावर एवढी माया केली असतीस तर तो टिकला असता." मी म्हणते, "नवरा बिघडला तर त्याचे सुटे भाग मिळत नाहीत गं."

लोकांनी कारण विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. तुझ्या त्या इंग्रजी ब्रॅकन संगणकात आपली नॉर्वेजियन लिपीतली तीन जास्तीची अक्षरं नव्हती. माझ्या वर्गातल्या सल्वीनं त्यावर स्वतःचं नाव लिहिलं तर मधेच अक्षराऐवजी तिरपी रेघ यायची. पोरगी रडकुंडीला आली होती. वार्देनं तिचं नाव नीट लिहिलं. हे खोटं नाही. पण एवढ्यावर कुणी एकोणचाळीस वर्षं एका खोक्याला चिकटून राहत नाही.

तू कार्डावर लिहिलंयस, "येतो. वार्देच्या कारखान्यातला कुणी जुना इंजिनियर येणार असेल तर कळव. आमचा ब्रॅकन त्या दिवशी का जळला ते मला अजून उमगलेलं नाही. एकदा विचारायचंय."

हे वाचलं आणि कागद घेऊन बसले. इंजिनियर येणार आहे, ओडवार. आणि तो तुला एकच प्रश्न विचारेल: यंत्र थंडीतून आणून किती वेळ आत ठेवलं होतं? आपल्या खोऱ्यात शेंबडं पोरसुद्धा हा प्रश्न विचारेल. म्हणून त्याच्या आधी मीच सांगते.

जानेवारी पंच्याऐंशी. शाळेसाठी कोणता संगणक घ्यायचा ते गावसभा ठरवणार होती. बारा वाजता दोन्ही यंत्रं चालवून दाखवायची होती. वार्दे मी, ब्रॅकन तू. तू नुकतीच त्याची एजन्सी घेतली होतीस. थंडीनं तुझी गाडी चालू होईना, म्हणून आदल्या संध्याकाळी तू तुझं यंत्र माझ्या गाडीत ठेवलंस आणि बजावलंस, "सकाळी आठला आत घे. चार तास नुसतं राहू दे. आतला ओलावा सुकल्याशिवाय वायर लावायची नाही." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस, मी काय ओस्लोहून आलेय?" तू हसलास. जाता जाता माझ्या वार्देवर टिचकी मारून म्हणालास, "बिचारं. उद्या याला मूठमाती द्यायची."

सकाळी आठला मी शाळेत पोहोचले तेव्हा उणे एकतीस होतं. माझा वार्दे मी लगेच आत नेला, तुझं यंत्र गाडीतून बाहेर काढलं नाही.

विसरले नव्हते. विसरले असं चार वेळा लिहून चार कागद फाडले. नऊला आठवण होती, दहाला होती, मुलांना भागाकार शिकवताना खिडकीतून गाडी दिसत होती. पावणेबाराला आत आणलं. बाहेरून दव धरलं होतं, ते मी माझ्या स्कार्फनं पुसलं. खूप नीट पुसलं.

तू आलास, बटण दाबलंस, आणि ती धुराची बारीक रेघ. मागून कुणीतरी म्हणालं, "यावर वॉफल भाजता येतील," आणि सगळा हॉल हसला. मीही हसले.

तू तेवढा हसला नाहीस. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंस, "तुरिड, आठला आत घेतलं होतंस ना?"

मी म्हटलं, "आठला."

बस्स. तू पुन्हा विचारलं नाहीस. यंत्राला हात लावून पाहिला असतास तर कळलं असतं, आतून ते अजून बर्फासारखं गार होतं. तू सभेकडे वळलास आणि म्हणालास, "मग खोट यंत्रातच आहे. असलं यंत्र मी शाळेला विकणार नाही, कुणालाच विकणार नाही." आठवड्याभरात एजन्सी सोडलीस. वसंतात बूडो बंदराला गेलास आणि फेरीबोटीवर तिकिटं फाडायला लागलास. इथे राहून लोकांची थट्टा ऐकणं तुला जमलं नाही, त्यात तुझं काय चुकलं?

मी फक्त एक मतदान जिंकायला निघाले होते. तू जाशील असं वाटलं नव्हतं. तू गेल्यावर मात्र वार्दे चांगलाच असणं मला भाग होतं. तो सामान्य निघाला असता, तर मी भावाला कशासाठी गावाबाहेर काढलं होतं? म्हणून मी त्याचे प्रोग्रॅम लिहिले, रात्रंदिवस त्याचे गोडवे गायले, त्याला कुणी नावं ठेवली की भांडले. आणि खरं सांगू? तो सामान्यच होता. हळू चालायचा, डिस्क खायचा. ब्रॅकन त्याच्यापेक्षा चांगला होता. अक्षरांचं काय, वर्षभरात त्यांनी ती बसवली असती. तू तसं म्हणतही होतास.

दर नाताळला तुला कार्ड लिहिताना हे ओठांवर यायचं, आणि मी हवामान लिहायची. तुझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून तूच जिंकताना पाहायची सवय होती, एकदा तिला जिंकायचं होतं. ही सबब नाही. सांगते एवढंच.

शनिवारी मी भाषणात हे सगळं सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तिथे तुझ्यावर हसलेले लोक आता म्हातारे झालेत, पण बरेचसे जिवंत आहेत, आणि त्यांनी ऐकायला हवं. तू माफ करावंस असं मागत नाही. पण हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत तुला हे पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी पत्र. तू त्या दिवशी माझ्या शब्दावर भरवसा ठेवलास आणि स्वतःच्या यंत्राला खोटं ठरवलंस. तुझ्या जागी मी असते तर तसं केलं नसतं.

सख्ख्या भावाशी एका शब्दाचं खोटं बोलून जन्मभर एका खोक्याशी इमान राखणारी,

तुझी बहीण,
तुरिड