शेजारची सीट

रविवार, ९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. सुखरूप पोचले. फोनवर एवढंच बोलून ठेवून दिला, राग मानू नकोस. घसा बसला होता.

इकडे कडाक्याची थंडी आहे. वॉर्डात नर्स कमी, म्हणून दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. शेजारच्या खोलीतल्या स्वयंपाकीणबाईंनी विचारलं, "अगं, लेक कुठाय तुझी, भिंगरी?" म्हटलं, "ताप आला, मागाहून येईल." तिच्यासाठी केलेला केक आम्ही दोघींनी उभ्या उभ्या खाल्ला.

भाऊजींची पाठ कशी आहे? निघताना त्यांनी भिंगरीला बजावलं होतं, "विमानाची खिडकी उघडू नकोस हं, टोपी उडेल!" किती खदखदून हसली होती गं.

पंधरा तासांचं विमान. समोरच्या पडद्यावर नकाशा असतो. त्यात एवढंसं विमान समुद्रावरून सरकतं आणि खाली आकडा येतो, अजून इतके किलोमीटर. तो कमी होताना बघून लोक खूश होतात. मी उलटं मोजत होते, तुमच्यापासून किती लांब आले ते. शेजारची सीट रिकामी. हवाईसुंदरी मुलांचं जेवण घेऊन आली, मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा घेतलं, मांडीवर ठेवलं. झाकण काही उघडवलं नाही.

ताई, तू विमानतळाच्या दाराबाहेर होतीस. तुला वाटलं, आत तिने रडून गोंधळ घातला आणि मी कच खाल्ली. मीही तसंच सांगितलं. पण ती रडत नव्हती गं. रडली असती तर उचलून कडेवर घेतलं असतं, काळजावर दगड ठेवून नेलं असतं.

रांगेत माझं बोट धरून शहाण्यासारखी उभी होती. मला म्हणाली, "पंधरा तास झाले की आईकडे परत यायचं ना?"

"अगं, मीच तुझी आई ना?"

"हो," ती माझी समजूत काढत म्हणाली, "तुला मी आईच म्हणेन. तुला वाईट वाटायला नको. पण घरच्या आईकडे कधी?" आणि थोडं थांबून, "तू एकटीच राहतेस तिथे? तुला कोणीच नाही का?"

रांग पुढे सरकली, आम्ही दोघी तिथेच.

यात तुझा काही दोष नाही. तिचे बाबा गेले आणि तान्ही पोर तुझ्या ओटीत घालून मी इकडे आले. तू तिला माझा फोटो दाखवायचीस, आई म्हणायला लावायचीस. पण फोटोच्या कुशीत कोण झोपणार?

दाराशी येऊन तिचा हात तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, "पुढच्या खेपेला नेईन." ताई, पुढची खेप नाही. तिच्यासाठी आणलेली खिडकीजवळची छोटी खाट मी स्वयंपाकीणबाईंच्या नातीला देऊन टाकली. खोली एकदम मोठी झाली. कामावरून येते, दिवा न लावता बसते.

आता तिने तुला आई म्हटलं की माझ्यासाठी तिला टोकू नकोस. रोज फोनवर बोलायला बसवू नकोस, खेळू दे. माझी आठवण काढली, तर मात्र लगेच कळव.

तिला पापा दे. कोणाकडून, हे विचारलं तर सांग.

तुझी धाकटी,
भिंगरीची मावशी