गाऱ्हाण्यातून गाळलेलं घर

१८ ऑग., सोम.
वसंतदादाची वाचा गेली. अर्धांगवायू. त्याच्या मुलाचा, संज्याचा, मुलुंडहून फोन. "काका, यंदा गणपतीसमोर गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं. आता वडीलधारे तुम्हीच." बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर हसू आलं. मग छातीत धडधड. बीपीची गोळी घेतली का आठवेना.

२१, गुरु.
दादा वडिलांच्या पहिल्या बायकोचा, मी दुसरीचा. माझी आई गेल्यावर मला मामाकडे धाडलं ते त्याच्याच हट्टानं. गाऱ्हाण्यात तो सगळ्या चुलत्यांची घरं नाव घेऊन देवाच्या पायावर घालायचा. माझं घर एकदाही नाही. विचारलं तर सगळ्यांसमोर, "तू मामाकडचा. झांजा वाजव, पुरे." आमच्या हिनं मरेपर्यंत ते मनात ठेवलं.
यंदा त्याचं घर मी गाळणार. त्याच्याच घरात उभं राहून.

२४, रवि.
नात नॉर्वेच्या जुन्या राजांचं वाचतेय. एरिक राजानं गादीसाठी सावत्र भाऊ मारले. धाकटा हाकोन परक्या राजाकडे वाढला. तो परतला, लोक त्याच्याकडे वळले, एरिक पळाला. म्हटलं, झकास! हा तर मीच.
"थांबा ना आजोबा. पुढे एरिकच्या पोरांशी लढताना तो मेला. मुलगा नव्हता, एक मुलगीच. मरताना राज्य त्या पोरांनाच दिलं."
"येडा होता काय?"
मलाही एक मुलगीच. माझ्यामागं गाऱ्हाणं संज्याकडेच. जेवण गेलं नाही.

२६, मंगळ.
घोकतोय. गाळायचं घर तेवढं लक्षात राहतं, बाकीची विसरतो. मुलगी म्हणते, "बाबा, आजारी आहेत ते." आजारी! माझी आई आजारी होती तेव्हा यानं

२७, बुध.
घातलं. आवाज कापला नाही. एकेक घर घेतलं, सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." दादाचं घर गाळलं. संज्यानं मान वर केली. शेवटी सगळे थांबल्यावर खुर्चीतून दादाचा आवाज, "व्ह... य." आजारपणातला पहिला शब्द. सून रडायला लागली. संज्यानं मला पाणी दिलं, "काका, बसा."
दीड दिवसाचा गणपती. उद्या निरोपाचं गाऱ्हाणं परत मीच. घर गाळलेलं दादाला कळलं नसेल तर ठीक. कळून म्हणाला असेल, तर उद्या मी